बाथ पायी कसं पाहावं : दोन दिवसांच्या वाटा, क्रम आणि खाचाखोचा

इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेटमध्ये एव्हन नदीच्या वळणावर वसलेलं बाथ बहुतेक प्रवासी तीन तासांत उरकतात. लंडनहून निघालेली सहलीची बस सकाळी स्टोनहेंज दाखवते, दुपारी बाथला उतरवते आणि अंधार पडायच्या आत परत निघते. तेवढ्या वेळात रोमन स्नानगृहं घाईघाईने बघून होतात आणि रॉयल क्रेसेंट या अर्धवर्तुळाकार घरांच्या रांगेसमोर एक फोटो निघतो. शहर मात्र कळत नाही. बाथ खालून वर बांधत गेलेलं शहर आहे. तळाशी गरम पाण्याचा झरा, त्याभोवती रोमनांचं देऊळ आणि हौद, त्यावर मध्ययुगीन मठ, मग १८व्या शतकात उत्तरेच्या चढावर एकापाठोपाठ एक उभे राहिलेले चौक आणि अर्धवर्तुळं. याच क्रमाने चाललं तर प्रत्येक वास्तू आधीच्या वास्तूचं पुढचं पाऊल म्हणून समोर येते. बसवाले सोयीसाठी आधी वर नेतात आणि मग खाली सोडतात. तो क्रम उलटा आहे.

पुढचा मार्ग दोन दिवस आणि एका मुक्कामाचा आहे. एकच दिवस हाताशी असेल तर पहिल्या दिवसाचा मार्ग पूर्ण करा आणि दुसऱ्या दिवसातला फक्त कालव्याचा फेरा जोडा. तो शेवटी रेल्वे स्थानकापाशीच येतो.

पोचणं आणि मुक्काम

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून थेट ट्रेन साधारण दीड तासात बाथ स्पाला पोचते. ऐनवेळी खिडकीवर घेतलेलं सकाळच्या गर्दीच्या वेळेचं तिकीट फार महाग पडतं. काही आठवडे आधी ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट काढलं तर तीच गाडी कितीतरी स्वस्तात मिळते; मात्र ते तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, गाडी चुकली की ते वाया गेलं. परतीची वेळ नक्की नसेल तर परतीचं ‘ऑफ-पीक’, म्हणजे गर्दीच्या वेळेबाहेरचं, तिकीट घ्या. उतरताना पाटी नीट वाचा. ब्रिस्टलकडे जाणाऱ्या थांबत थांबत चालणाऱ्या गाड्या पुढे ओल्डफील्ड पार्क या छोट्या स्थानकावरही थांबतात. तेही बाथमध्येच आहे, पण गावाच्या मध्यभागापासून लांब.

हीथ्रो विमानतळावर उतरत असाल तर लंडनमध्ये शिरायची गरज नाही, तिथून बाथला थेट कोच आहे. मोटारीने येणाऱ्यांनी गावात जागा शोधत फिरू नये. लॅन्सडाउन, न्यूब्रिज आणि ऑड डाउन या तीन ‘पार्क अँड राइड’ तळांपैकी जवळच्या तळावर गाडी लावून बसने खाली यावं.

शनिवारची रात्र इथे सर्वांत महाग असते आणि अनेक हॉटेलं शनिवारसाठी दोन रात्रींची अट घालतात. रविवार ते गुरुवार राहा. तरीही परवडत नसेल तर ब्रिस्टलला मुक्काम करा, ट्रेनने पाव तासाचं अंतर आहे. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चालायला सर्वांत चांगले महिने. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत नाताळचा बाजार भरतो. अ‍ॅबी या जुन्या चर्चभोवतीच्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते आणि चार वाजता अंधार पडतो. बाजारासाठीच येत असाल तर ठीक, शहर पाहायला तेव्हा येऊ नका. जूनमध्ये उलट रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे संध्याकाळची एक पूर्ण फेरी जास्तीची मिळते.

बूट मात्र नीट निवडा. इथली फरसबंदी जुन्या दगडाची आहे, पावसात ती निसरडी होते, आणि उतार तीव्र आहेत. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून गे स्ट्रीट उतरणं धोक्याचं आहे.

पहिला दिवस, सकाळ : पाण्यापाशी

रोमन बाथ्सचं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि उघडण्याची पहिली वेळ घ्या. दर तारखेप्रमाणे बदलतो, आठवड्याच्या मधल्या दिवसांत कमी असतो. मोठ्या माणसाचं तिकीट २० पौंडांच्या पुढेच धरा. अकरानंतर आत रांग हलतच नाही आणि प्रत्येक काचेसमोर तीन-तीन माणसं उभी असतात.

स्थानकातून बाहेर पडून मॅनव्हर्स स्ट्रीटने सरळ उत्तरेला चाला, तोच पुढे पिअरपॉन्ट स्ट्रीट होतो. नॉर्थ परेडच्या चौकात डावीकडे नॉर्थ परेड पॅसेज ही चिंचोळी गल्ली आहे. तिच्यातून अ‍ॅबी ग्रीन या छोट्या चौकात या. मध्ये प्लेनचा प्रचंड वृक्ष आहे आणि सकाळी इथे कुणी नसतं. तिथून दोन-तीन मिनिटांत अ‍ॅबीसमोरचं पटांगण लागतं. स्थानकापासून इथवर दहा मिनिटं पुरतात.

आत जाण्याआधी पाण्याचं गणित समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं अर्थपूर्ण होईल. आसपासच्या टेकड्यांवर, मुख्यतः मेंडिप डोंगरांवर, हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस चुनखडकातून जमिनीत दोन-अडीच किलोमीटरहून खोल मुरतो, तिथल्या उष्णतेने तापतो आणि खडकातल्या भेगांवाटे पुन्हा वर येतो. इथे ज्वालामुखीचा काही संबंध नाही. मुख्य झऱ्याचं पाणी सुमारे ४६ अंश सेल्सिअस असतं आणि रोज जवळपास ११ लाख ७० हजार लिटर पाणी बाहेर पडतं. रोमन येण्याआधीही लोक हा झरा सूलिस या देवीचा मानत. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडलं, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात देऊळ आणि स्नानगृहं बांधली आणि गावाचं नाव ठेवलं अक्वे सूलिस.

तिकीट दाखवून पुढे गेलात की पहिल्यांदा गच्चीवर येता. खाली हिरवं पाणी, भोवती सम्राटांचे पुतळे. इथेच पहिला गैरसमज होतो. हे पुतळे आणि ही गच्ची रोमन नाहीत, ती १९व्या शतकाच्या अखेरीची आहेत. खाली हौदाकाठी गेल्यावर खांबांकडे पाहा. बैठका आणि त्याखालचं सगळं रोमन, त्यावरचे उंच खांब व्हिक्टोरियन. ही एक रेघ डोळ्यांनी पकडली की बाकीचं आपोआप उलगडतं. पाणी हिरवं दिसतं तेही आताच्या उघड्यामुळे. रोमन काळी या हौदावर कमानदार छत होतं. ते कोसळल्यापासून ऊन थेट पाण्यावर पडतं आणि शेवाळ वाढतं.

गच्चीवर दहा मिनिटांहून जास्त थांबू नका, खालच्या संग्रहालयाला वेळ द्या. देवळाच्या दर्शनी भागावरचा मिशाळ गॉर्गनचा (ग्रीक पुराणातल्या सर्पकेशी राक्षसाचा) चेहरा, १७२७ मध्ये गटाराचं काम करताना सापडलेलं मिनर्व्हाचं सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं मस्तक, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शिशाचे शापपत्रे. चोरी झाली की माणूस शिशाच्या पातळ पत्र्यावर तक्रार कोरून, गुंडाळी करून झऱ्यात टाकायचा. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. कुणाचा अंगरखा गेला, कुणाचे हातमोजे. डोसिमेडिस नावाच्या माणसाने तर आपले दोन हातमोजे चोरणाऱ्याची बुद्धी आणि डोळे जावोत अशी मागणी केली आहे. स्नानाला आलेल्यांचे कपडे चोरीला जाण्याचा त्रास इतका जुना आहे. पत्र्यांची भाषांतरं शेजारीच लावलेली आहेत, ती सावकाश वाचा. सम्राटांच्या शिलालेखांत न सापडणारी साधी माणसं इथे बोलतात.

पुढे झऱ्याचं कुंड दिसतं. त्यात सारखे बुडबुडे येतात ते उकळण्याचे नसून खोलून वर येणाऱ्या वायूचे असतात. जादा पाणी वाहून नेणारी रोमन मोरी आजही चालू आहे आणि तिच्या दगडावरचा तांबूस थर पाण्यातल्या लोहाचा. मग मोठा हौद लागतो, १.६ मीटर खोल, तळाला शिशाचे ४५ पत्रे. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खोल्यांतल्या जमिनीखालच्या विटांच्या ठेंगण्या खांबांच्या रांगा पाहायला विसरू नका. त्यांच्यामधून गरम हवा फिरवून वरची फरशी तापवत.

पाण्याला हात लावू नका. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात उतरण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांचा हात इथे हटकून पाण्याकडे जातो, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. हे पाणी प्रक्रिया न केलेलं आहे. १९७८ मध्ये या झऱ्याच्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमीबाच्या मेंदूसंसर्गाने मृत्यू झाला आणि तेव्हापासून रोमन हौदात स्नान बंद आहे. फेरीच्या शेवटी चाखायला मिळतं ते पाणी वेगळं असतं, खोल बोअरमधून घेतलेलं आणि पिण्याजोगं. कोमट आणि लोखंडाची चव असलेलं. एक घोट पुरे. सगळं मिळून दोन तास धरा. लहान मुलं सोबत असतील तर दीड तासात आटपतं.

अ‍ॅबी

बाहेर आल्यावर आधी पटांगणात उभं राहून अ‍ॅबीची पश्चिम भिंत वर पाहा. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना दगडी शिड्या आहेत आणि त्यांवरून देवदूत चढतात, काही डोकं खाली करून उतरतात. बिशप ऑलिव्हर किंग याला स्वप्नात ही शिडी दिसली आणि १४९९ मध्ये त्याने आजचं चर्च बांधायला घेतलं, अशी परंपरा आहे. त्याआधी याच जागी असलेल्या चर्चमध्ये ९७३ मध्ये राजा एडगरचा राज्याभिषेक झाला होता.

आत तिकीट लागतं. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा फिरायला मिळत नाही. छताच्या पंख्यासारख्या उलगडणाऱ्या कमानींपैकी वेदीकडच्या मूळच्या आहेत. अलीकडच्या अर्ध्या भागातल्या १८६०च्या दशकात जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने त्याच धर्तीवर बसवल्या. जोड शोधूनही चटकन सापडत नाही. भिंतींवर शेकडो स्मृतिशिला आहेत. त्यांत आयझॅक पिटमन याची शोधा. महाराष्ट्रातल्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासांत ज्या पिटमन पद्धतीवर पिढ्यान्‌पिढ्या स्टेनोग्राफर तयार झाले, ती काढणारा हाच. १८९७ मध्ये तो बाथमध्येच, रॉयल क्रेसेंटच्या १७ नंबरच्या घरात वारला.

मनोऱ्यावर जायचं असेल तर वेगळं आरक्षण हवं, २१२ पायऱ्या आहेत, जिना गोल आणि अरुंद. गुडघे कुरकुरत असतील तर सोडून द्या. शहराचं त्याहून चांगलं दृश्य दुसऱ्या दिवशी फुकट मिळणार आहे.

याच पटांगणातून महापौरांच्या मानद मार्गदर्शकांची मोफत पायी फेरी निघते, १९३०च्या दशकापासून चालत आलेली. साधारण दोन तासांची, सकाळी साडेदहाला, आणि शनिवार सोडून दुपारी दोनलाही. हे स्वयंसेवक बक्षिसी घेत नाहीत, देऊही नका. दुपारची फेरी धरलीत तर पुढचा चढाव त्यांच्यासोबतच होईल. स्वतः चालायचं असेल तर पुढे वाचा.

पहिला दिवस, दुपार : चौक, वर्तुळ, अर्धवर्तुळ

बाथचा हा भाग बापलेकांनी घडवला, दोघांचंही नाव जॉन वुड. थोरल्याने १७२८ ते १७३६ या काळात क्वीन स्क्वेअर बांधला. अ‍ॅबीपासून तिथवर आठ-दहा मिनिटं लागतात. चौकाच्या दक्षिण कडेला उभं राहून उत्तरेची बाजू पाहा. मध्ये त्रिकोणी शिखर, दोन्ही टोकांना पुढे आलेले भाग, म्हणजे एक मोठा राजवाडा वाटतो. आता दरवाजे मोजा. ती स्वतंत्र घरांची रांग आहे. मधल्या स्थितीतल्या भाडेकरूलाही महालात राहिल्यासारखं वाटावं, ही वुडची कल्पना पुढे ब्रिटनभर पसरली, आणि तिचा नमुना तुम्ही इथे पाहता आहात.

चौकाच्या ईशान्य कोपऱ्यातून गे स्ट्रीट चढू लागतो. डावीउजवीकडे पाहत सावकाश चढा. घराच्या दारापाशी लोखंडी कठडा आणि त्याखाली तळघराचा उघडा खड्डा दिसतो, तिथे स्वयंपाकघर आणि नोकरांचा वावर असे. पदपथातली गोल लोखंडी झाकणं कोळसा ओतायची. कोळशाची कोठडी रस्त्याखाली असते. दाराशेजारी चिखल खरवडायची लोखंडी पट्टी आणि कठड्यावरचे शंकूच्या आकाराचे विझवणे, म्हणजे पालखीपुढच्या मशाली उलट्या खुपसून विझवायची सोय. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, कारण दिवाणखाना तिथे. वरच्या मजल्यांच्या उतरत्या मापाच्या. जेन ऑस्टेन १८०१ ते १८०६ बाथमध्ये होती आणि काही महिने याच रस्त्यावर २५ नंबरला राहिली. ४० नंबरला तिच्या नावाचं केंद्र आहे. तिचं लिखाण आवडत असेल तरच आत जा, कारण ते तिचं घर नव्हे.

चढ संपतो आणि तुम्ही सर्कसमध्ये येता. ३३ घरं, तीन कमानी भागांत विभागलेलं पूर्ण वर्तुळ. आत येणारे रस्ते तीनच ठेवले आहेत, त्यामुळे कुठूनही आलात तरी समोर रस्ता न दिसता वक्र भिंतच दिसते. थोरल्या वुडने १७५४ मध्ये काम सुरू केलं आणि त्याच वर्षी तो वारला. धाकट्याने १७६८ पर्यंत पुरं केलं. खांबांच्या तीन जोडरांगा पाहा : तळाला साधे डोरिक, मध्ये गुंडाळीच्या डोक्याचे आयोनिक, वर पानाफुलांचे कोरिंथियन. तळमजल्याच्या खांबांवरच्या पट्टीत पाचशेहून अधिक लहान कोरीवकामं आहेत, साप, वाद्यं, होकायंत्र, मुखवटे, आणि मुलांना ती शोधायला सांगितली तर अर्धा तास सहज जातो. सर्वांत वर कठड्यावर दगडी ओकफळं. डुकरं राखणाऱ्या ब्लॅडड राजपुत्राने चिखलात लोळून कुष्ठरोग बरा केला आणि शहर वसवलं अशी दंतकथा आहे, तिची ती खूण. मधल्या हिरवळीवरच्या प्लेनच्या झाडांखाली उभं राहून टाळी वाजवा, घरांच्या भिंती आवाज परत देतात.

१४ नंबरच्या घरावर रॉबर्ट क्लाइव्हच्या नावाची पाटी आहे. प्लासीनंतर बंगालातून गडगंज होऊन परतलेला तोच. या दगडी शहराचा पैसा कुठून आला हा प्रश्न इथे उभं राहून विचारायलाच हवा. कंपनीच्या नोकरीतून आणि कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमाच्या साखरेतून आलेली संपत्ती बाथच्या घरभाड्यांत आणि खेळाच्या टेबलांवर खर्च होत होती.

सर्कसमधून पश्चिमेला ब्रॉक स्ट्रीट. हा रस्ता मुद्दाम साधा ठेवला आहे आणि इथून पुढचं काहीच दिसत नाही. टोकाला जाईपर्यंत फोन खिशात ठेवा. शेवटच्या घराला वळसा घातला की डावीकडे जमीन एकदम मोकळी होते आणि उजवीकडे रॉयल क्रेसेंटचं सगळं वळण एका नजरेत उघडतं. ३० घरं, ११४ आयोनिक खांब, १७६७ ते १७७५ या काळात धाकट्या वुडने बांधलेली. टॅक्सीने समोरच्या रस्त्यावर उतरणाऱ्यांना हा क्षण मिळत नाही. पायी यायचं ते यासाठी.

समोरची वरची हिरवळ रहिवाशांची आहे, तिच्यावर जाऊ नका. तिच्या खालच्या कडेला एक आडवा खंदक आहे, वरून न दिसणारा. खालच्या कुरणातली गुरं आत येऊ नयेत पण नजरेला कुंपण आडवं येऊ नये म्हणून. फोटो त्या खंदकाच्या खालच्या बागेतून काढा, पूर्ण वळण चौकटीत मावतं. दर्शनी भाग दक्षिण-आग्नेयेला तोंड करून आहे, म्हणून ऊन दुपारपर्यंत चांगलं; संध्याकाळी पश्चिमेचा अर्धा भाग सावलीत जातो. १ नंबरच्या घरात १८व्या शतकातल्या राहणीचं संग्रहालय आहे, तळघरातल्या स्वयंपाकघरासह. एकच घर आतून पाहायचं असेल तर हे पाहा.

आता एक काम बहुतेक जण करत नाहीत : क्रेसेंटच्या मागच्या गल्लीत जा. पुढची शिस्त मागे पार नाहीशी होते, भिंती पुढेमागे, छपरं वरखाली, नळ वेडेवाकडे. वुडने फक्त दर्शनी भाग ठरवून दिला. त्यामागे ज्याने त्याने आपल्या सोयीप्रमाणे घर बांधून घेतलं. हे पाहिल्याशिवाय क्रेसेंट अर्धाच समजतो.

परतताना ग्रॅव्हल वॉक धरा, क्रेसेंटच्या पूर्व टोकाखालून निघून सर्कसच्या घरांच्या मागून क्वीन स्क्वेअरकडे उतरणारी झाडांची वाट. मध्येच डावीकडे एक दार लागतं, आत जॉर्जियन बाग आहे, खोदकामातून उलगडलेल्या मूळ आखणीप्रमाणे पुन्हा लावलेली, मोफत. त्या काळी घराच्या बागेत हिरवळ नसे, खडी आणि फुलांचे वाफे असत, ते इथे दिसतं.

पायांत जोर शिल्लक असेल तर वर कॅम्डन क्रेसेंटला जा. १७८८ मध्ये सुरू झालेलं हे काम टेकडी घसरल्यामुळे अर्धवट राहिलं. पूर्वेकडची घरं गेली, त्यामुळे मधोमध यायला हवं ते त्रिकोणी शिखर आता एका बाजूला पडलं आहे. दारांवर हत्तीची डोकी कोरलेली आहेत, कॅम्डन घराण्याच्या मानचिन्हातली. सर्कसपासून वीस मिनिटं, चढ खडा.

खाणं

सॅली लन नावाचा बन नॉर्थ परेड पॅसेजमधल्या जुन्या घरात मिळतो. मोठा, हलका, किंचित गोड. अर्धा आडवा कापून वर गोड किंवा तिखटमीठाचं काही घालून देतात. बाथ बन वेगळा, छोटा आणि वर साखरेचे खडे. दोन्हींत अंडं असतं, शाकाहारी घरच्यांना आधी सांगा. गिल्डहॉलचा बाजार लहान आहे, पण दुपारचं स्वस्तात भागतं. रोमन बाथ्सला लागून असलेल्या पम्प रूम या जुन्या दालनात चहा घ्यायचा असेल तर आरक्षण करा. खर्च तिथल्या झुंबरांचा आणि वाजंत्रीचा आहे हे धरून चाला.

दुसरा दिवस : नदी, कालवा, टेकडी

सकाळी ग्रँड परेडच्या कठड्यापाशी या. समोर पुल्टनी पूल, रॉबर्ट अ‍ॅडमने आखलेला, १७७४ मध्ये पुरा झालेला, दोन्ही बाजूंना दुकानं. पुलावरून चालताना नदी दिसतच नाही, म्हणून बरेच जण पूल ओलांडून गेल्यावर तो कुठे आहे असं विचारतात. पूल दक्षिणेकडूनच पाहायचा, उत्तरेची बाजू नंतरच्या डागडुजीने बिघडली आहे. कठड्याच्या जवळच खाली उतरणाऱ्या बोळात मध्ययुगीन तटाची पूर्व वेस शिल्लक आहे, आजच्या रस्त्याच्या कितीतरी खाली. शहराची जमीन किती वर चढली ते त्या वेशीने कळतं.

पुढचा फेरा साधारण चार किलोमीटर, थांबत थांबत अडीच तास :

१. पूल ओलांडा, लॉरा प्लेसमधून ग्रेट पुल्टनी स्ट्रीटने सरळ. बाथमधला हा सर्वांत रुंद आणि सपाट रस्ता, टोकाला होलबर्न संग्रहालय.

२. संग्रहालयाच्या मागे सिडनी गार्डन्स, १७९५ मध्ये उघडलेली बाग. तिच्यातून कालवाही जातो आणि ब्रुनेल या अभियंत्याचा रेल्वेमार्गही. ठेंगण्या कठड्यापाशी उभं राहिलात तर लंडनची गाडी हाताच्या अंतरावरून जाते. मुलांना धरून ठेवा.

३. केनेट-एव्हन कालव्याच्या काठावर उतरा आणि दक्षिणेकडे, म्हणजे पाणी उजव्या किंवा डाव्या हाताला कसंही आलं तरी शहराकडे, ‘विडकम’ अशी पाटी धरून चाला. उलट दिशेला गेलात तर बाथॅम्प्टन लागेल, तेही सुंदर आहे पण दुसरा बेत आहे. वाट अरुंद आहे आणि मागून सायकली येतात. घंटी ऐकली की एका कडेला व्हा, अचानक वळू नका.

४. बाथविक हिलच्या पुढे जलपाशांची, म्हणजे बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दारांच्या हौदांची, उतरंड सुरू होते. सहा जलपाश कालवा नदीत उतरवतात. खालचा डीप लॉक ५.९२ मीटरचा, ब्रिटनमधल्या सर्वांत खोल जलपाशांपैकी. १९७०च्या दशकात रस्त्यासाठी दोन जुने जलपाश एकत्र करून केलेला. बोट जाताना दिसली तर थांबून पूर्ण पाहा. कडेला कठडा नसतो, ओल्या दगडावर जपून.

५. शेवटी नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की स्थानकाची मागची बाजू.

इथून परत जायचं नसेल तर पुलापाशीच वळा आणि अलेक्झांड्रा पार्कला चढा. लिंकम हिलवरून कॅल्टन गार्डन्स, तिथून जेकब्स लॅडर या पायऱ्या. वीस मिनिटं, आणि दोनदा तरी थांबावं लागेल. वरून अ‍ॅबी, क्वीन स्क्वेअर, सर्कसची झाडं, क्रेसेंटचं वळण, त्यामागे लॅन्सडाउनची चढण, आदल्या दिवशी चाललेली सगळी वाट एका चित्रात येते. म्हणूनच हे ठिकाण शेवटी ठेवायचं. मधाच्या रंगाचा तो दगड मुख्यतः कूम डाउनच्या खाणींतला. राल्फ अ‍ॅलनने त्या विकत घेतल्या आणि दगडाची जाहिरात व्हावी म्हणून टेकडीवर प्रायर पार्क हा वाडा उभारला. त्याची बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि तळाशी १७५५ सालचा पॅलेडियन (इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओच्या शैलीतला) पूल. अशा धर्तीचे जगात चारच. तिथे वाहनतळ नाही (अपंगांसाठीच्या मोजक्या जागा सोडून). विडकमपासून अर्धा तास चढ किंवा बस.

पूर्ण दिवस असणाऱ्यांनी नॅशनल ट्रस्टची बाथ स्कायलाइन वाट घ्यावी, सहा मैलांचा फेरा, कुरणं आणि रानातून, चार तास. पाऊस होऊन गेल्यावर घोट्यापर्यंत चिखल असतो. खाणं-पाणी सोबत घ्या. गुरं असतील तर कुत्रा साखळीत ठेवा आणि फाटक लावूनच पुढे जा.

पाण्यात उतरायचं असेल तर

त्यासाठी थर्मे बाथ स्पा आहे, २००६ मध्ये सुरू झालेलं. गच्चीवरच्या तलावाचं पाणी साधारण ३३ अंश, प्रवेश दोन तासांचा, वय १६ च्या पुढे. टॉवेल, झगा, सपाता तिकिटात येतात, पोहण्याचे कपडे तुमचे. फोन आत नेता येत नाही. शनिवार-रविवारी आरक्षणाशिवाय जाऊ नका. सर्वांत चांगली वेळ सूर्यास्ताची, वाफेतून अ‍ॅबीचा मनोरा दिसतो. टेकडी चढून आलेल्या दिवसाची संध्याकाळ त्याला द्या.

पाऊस लागला तर

कालव्याचा फेरा सोडा आणि १९, न्यू किंग स्ट्रीट गाठा. संगीतकार विल्यम हर्शलचं हे घर. मागच्या छोट्या बागेतून, स्वतः घडवलेल्या दुर्बिणीने, १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस दिसला. बहीण कॅरोलाइन त्याच्या कामात सोबत होती आणि पुढे तिने स्वतःच्या नावावर आठ धूमकेतू नोंदवले. आरशांसाठी धातू ओतायची तळघरातली भट्टी आणि वितळलेला धातू सांडून तडकलेल्या फरश्या अजून आहेत. तासाभरात होतं. त्यानंतर पुलाजवळची व्हिक्टोरिया आर्ट गॅलरी. संग्रहालयांचे बंद वार हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाची वेळ पाहून घ्या. रग्बीचा सामना असेल त्या शनिवारी नदीकाठचं मैदान आणि पुल्टनी पुलाकडचे रस्ते सामन्याआधी तासभर आणि संपल्यावर तासभर टाळा, आणि परतीची गाडीही त्या वेळेची घेऊ नका.